मूठभर बाजरी आणि परळभर पाणी

मागील अंकीं कुंड्यांतील भाजीपाल्याविषयीं लिहितांना शेवटीं सहज म्हटलें होतें कीं, मेथीचीं कोंवळीं पानें चिमण्यांनीं खुडलीं तर रागावूं नये. त्यावर आलेल्या पत्रांपैकीं निम्मीं पत्रें भाजीविषयीं नसून चिमण्यांविषयींच आहेत. "तुमच्याकडे खुडावयास चिमण्या येतात तरी! आमच्याकडे चार वर्षांत एक दिसली नाहीं; काय करावें?" असा त्या पत्रांचा एकंदर सूर आहे. एका भगिनीनें तर आपली सारी व्यथाच लिहून पाठविली आहे. रोज किलोभर ज्वारी गच्चीवर टाकून पाहिली. चिमणी एक फिरकली नाहीं, पारवे मात्र शंभरावर जमले, आणि आतां शेजाऱ्यांशीं बोलणें बंद झालें आहे. तें पत्र मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां आमच्या घरीं सर्वांस हसूं आलें. कारण हाच प्रकार तीन वर्षांपूर्वीं आमच्याकडे जसाच्या तसा घडला होता, आणि त्या वेळीं मात्र कोणाला हसूं येत नव्हतें. म्हणून या महिन्यांत भाजीपाला बाजूस ठेवून तीच हकीकत सांगतें.

आमचें मूळ घर मालेगांवच्या जुन्या वस्तींत, किल्ल्यापासून हांकेच्या अंतरावर. घर धाब्याचें, मधें चौक, मागें लहानसें परस, आणि पलीकडे मोसम नदीकडे उतरत जाणारी वाट. चाळीस वर्षांपूर्वीं मी त्या घरांत सून म्हणून आलें, तेव्हां पक्ष्यांना दाणे घालण्याचा वेगळा असा कार्यक्रम तेथें नव्हता. तो करावयास हवा हें कोणाच्या ध्यानींमनींहि आलें नसतें. परंतु सकाळचीं कामें आटोपून सासूबाई व आत्याबाई सुपें घेऊन चौकांत बसल्या कीं, वळचणीच्या चिमण्या एकेक करून खालीं उतरत. बाजरी पाखडतांना फोलाबरोबर बारीक दाणा उडे तो त्यांचा. तांदूळ निवडतांना जी कणी व जो किडा बाजूस पडे तोहि त्यांचाच. उन्हांत घातलेल्या कुरडयांवर मुलांची राखण असे, पण ती राखण करणाऱ्या मुलांवर कोणाची राखण नसल्यामुळें तेथेंहि पक्ष्यांची चंगळ होई. पुढच्या सोप्यांत थोरल्या आजेसासऱ्यांची तसबीर भिंतीस जराशी कलती टांगलेली होती. तिच्यामागें दर वर्षीं घरटें होई, आणि जेवतांना वरून एखादी काडी पानांत पडली तर ती उचलून बाजूस ठेवण्यापलीकडे कोणी कांहीं करीत नसे. वैश्वदेवानंतरचा बलि बाहेर जाई तो कावळ्यांच्या वांट्याचा. रात्रीं भांडीं घासल्याचें पाणी परसांतील केळींच्या आळ्यांत जाई; तेथें सदैव ओल, आणि ओल आहे तेथें किडेहि आहेत. सारांश, पक्ष्यांचें अन्न, पाणी आणि निवारा या तीन्ही गोष्टींची तरतूद त्या घरांत होती. ती आपण करीत आहों याची जाणीव तेवढी कोणास नव्हती.

पुढें तें घर पडावयास झालें, भावाभावांच्या वांटण्या झाल्या, आणि आम्ही अकरा माणसें कॅम्पांतील नव्या घरीं आलों. घर सोयीचें आहे, हवेशीर आहे, मागें अर्ध्या गुंठ्याची बागहि आहे. परंतु भिंती गुळगुळीत, छत सपाट, खिडक्यांना कांचा व जाळ्या. धान्य दुकानांतून पिशवींत बंद होऊन येतें, इतकें स्वच्छ कीं सूप कोठें ठेवलें आहें हेंहि आठवूं नये. गोष्टींतली चिऊताई काऊला दार उघडीत नाहीं. आमच्या नव्या घरांत दार चिऊलाच बंद झालें. हें प्रथम कोणाच्या लक्ष्यांत आलें असेल तर तें सासूबाईंच्या. एके दिवशीं दुपारीं त्या म्हणाल्या, "सूनबाई, या घरांत किती शांत आहे गं!" मला वाटलें, त्या घराचें कौतुक करीत आहेत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं भांडेंभर ज्वारी गच्चीवर टाकावयास आरंभ केला. चार दिवसांनीं पारवे आले. महिन्याभरांत ते एवढे झाले कीं, पहांटे गच्चीवर पाय ठेवावयास जागा नसे. थोड्याशा चिमण्या कोठून तरी येऊं लागल्या होत्या त्या पांगल्या. सासूबाईंना वाटलें कीं दाणा कमी पडतो, म्हणून त्यांनीं भांडें मोठें घेतलें! यांत त्यांची चूक ती काय? पण पारवा हा मूळचा कडेकपारींत राहणारा पक्षी आहे. आपल्या सिमेंटच्या इमारतींच्या कडा, सज्जे आणि पाण्याच्या टांक्यांखालच्या सपाट जागा त्याला कड्याच्या कपारीसारख्याच वाटतात. चिमणीला लागते ती भिंतींतली पोकळी, वळचण, तसबिरीमागची आडोशाची जागा. म्हणजे आपण जीं घरें बांधूं लागलों तीं आपण न ठरवितां पारव्यांसाठीं बांधलीं. वर ज्वारीचें भांडें घातलें कीं आमंत्रण पुरें झालें.

पुढचा भाग सांगतांना अजूनहि मन खालीं जातें. त्या हिंवाळ्यांत मामंजींचा खोकला हटेना. कोरडा खोकला, मग जिना चढतांना धाप. औषधें झालीं, काढे झाले. शेवटीं नाशिकच्या एका डॉक्टरांनीं सर्व तपासणी झाल्यावर अगदीं अनपेक्षित प्रश्न विचारला, "घरांत किंवा घराजवळ कबुतरें आहेत काय?" पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासावाटे आंत गेली तर कांहीं माणसांच्या फुप्फुसांस सूज येते, वेळीच सांवरलें नाहीं तर फुप्फुसें कायमचीं कडक होतात, असें त्यांनीं समजावून सांगितलें. मामंजी रोज सकाळीं गच्चीवरच प्राणायामास बसत.

घरीं आल्यावर जें व्हावयाचें तें झालें. धाकटे भावजी म्हणाले, उद्यांपासून एक दाणाहि बाहेर जातां कामा नये. सासूबाई कांहींच बोलल्या नाहींत; पण त्या रात्रीं जेवल्याहि नाहींत. आमच्याकडील मंडळींनीं नेहमींप्रमाणें वर्तमानपत्रांत डोकें घातलें. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. मामंजींच्या श्वासापुढें दुसरा विचार संभवत नाहीं, हें उघडच. परंतु चौऱ्याऐंशीं वर्षांच्या बाईनें, दारचा पांखरूं उपाशीं जाऊं नये या एका भावनेनें जें केलें, त्याचा शेवट "तुमच्यामुळें ते आजारी पडले" या वाक्यांत व्हावा हें मला सहन होईना. पुढें २०२५ सालीं दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईंत केवढें रण माजलें, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें, महानगरपालिकेनें तो ताडपत्रीनें झांकला, हें सर्व आपण वाचलेंच आहे. तेथें रस्त्यावर जें झालें तें आमच्या स्वयंपाकघरांत आधींच होऊन गेलें होतें, इतकेंच.

मार्ग निघाला तो सासूबाईंच्याच तोंडून. दोन दिवसांनीं भाजी निवडतांना त्या आपल्याशींच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "जुन्या घरीं आपण कधीं भांडें भरून घालीत नव्हतों. सांडेल तेवढेंच ते खात. आणि ते खायला येत म्हणून थोडेच राहत होते? त्यांचें घरच होतें तें." मला वाटतें, पक्ष्यांविषयीं पुढें मीं जें कांहीं वाचलें त्या सर्वांचें सार या चार वाक्यांत आहे.

गच्चीवरची ज्वारी त्याच दिवशीं बंद झाली. गच्ची पाण्यानें भिजवून, नाकातोंडास फडकें बांधून धुतली. कोरडी झाडली असती तर धूळ उडून आणखी अपाय झाला असता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पारवे आठ-दहा दिवस कठड्यावर बसून वाट पाहत राहिले व मग निघून गेले. त्यांच्यासाठीं हळहळण्याचें कारण नाहीं. दाण्यावांचून पारव्याचें अडत नाहीं. मामंजींचा खोकला हळूहळू निवळला, आतां ते जिना न थांबतां चढतात. मग आम्हीं खालच्या बागेंत नव्यानें आरंभ केला, आणि या वेळीं दाण्यापासून न करतां पाण्यापासून केला.

मालेगांवचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांना त्याचें वर्णन नको. वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो आणि कित्येक दिवस खालीं यावयाचें नांव घेत नाहीं. गिरणा व मोसम या दोन नद्यांचें हें गांव. पण त्या दिवसांत पक्ष्यास पिण्यायोग्य पाणी पात्रांत शोधावें लागतें. पक्ष्याला घाम येत नाहीं. चोंच उघडी ठेवून, गळ्याची कातडी थरथरवीत तो धापा टाकतो, आणि तोंडांतील ओलाव्याची वाफ होऊन जाते तेवढाच त्याला गारवा. म्हणजे थंड राहावयाचें तर अंगांतलें पाणीच खर्चावें लागतें, आणि तें भरून काढावयास बाहेर पाणी हवें. दाणा एक वेळ रानांत मिळेल. पाणी मिळालें नाहीं तर भर दुपारीं पांखरूं फांदीवरून गळून पडतें.

यासाठीं फार कांहीं लागत नाहीं. कुंभाराकडील मातीचा पसरट परळ घ्यावा. चिनीमातीचें किंवा प्लास्टिकचें भांडें गुळगुळीत असल्यामुळें पक्ष्यांचे पाय घसरतात. पाणी दोन बोटें खोल असावें, अधिक नको; आमच्या पहिल्या खोल पातेल्यांत एक साळुंकीचें पिलूं बुडून मेलें, तेव्हां हें समजलें. मधें एक खडबडीत दगड ठेवला म्हणजे लहान पक्ष्यांना उतरावयास धक्का मिळतो. परळ सांवलींत, पण दाट झुडुपापासून पांच-सहा फूट दूर ठेवावा. झुडुपाशीं अगदीं लागून ठेवला तर मांजरास दबा धरण्याची सोय आपणच करून दिल्यासारखें होतें. रोज सकाळीं पाणी ओतून टाकून, परळ नारळाच्या शेंडीनें घांसून पुन्हां भरावा. डांसांची भीति कित्येकांना वाटते. पण अंड्यापासून डांस होण्यास आठवडाभर लागतो, तेव्हां रोज ओतलेल्या पाण्यांत तो संभवत नाहीं. आमच्या गल्लींत नळ रोज येत नाहीं, म्हणून तांदूळ-डाळ धुतल्याचें पाणी तरी परळांत घालावें असें जाऊबाईंनीं सुचविलें होतें. तें मात्र करूं नये, तें आंबतें. तें झाडांना द्यावें. पक्ष्यांचा सारा खर्च रोजचा एक तांब्या आहे, आणि तेवढें पाणी कोणत्याहि घरांत निघतें.

परळ ठेवल्याच्या तिसऱ्या दिवशीं पहिला पाहुणा आला तो बुलबुल. मग साळुंक्या, मग होला, मग सातभाईंचा सारा कलकलाट करणारा परिवार. दयाळ पहांटे एकटा येऊन स्नान उरकून जाई; त्याला पाहून मामंजी म्हणत, "या घरांत माझ्यानंतर स्नानसंध्येचा नियम पाळणारा हाच." चिमण्या दीड महिन्यानें आल्या.

आतां दाण्याविषयीं. आपल्या भागांत चिमणीला बाजरीसारखा दाणा नाहीं. लहान, तिच्या चोंचींत मावणारा, आणि तिच्या पूर्वजांनीं शतकानुशतकें आपल्या खळ्यांवर वेंचलेला. राळा मिळाल्यास तोहि चालतो. तांदळाची कणी चालते. भात घालावयाचा तर मीठ नसलेला, मूठभर, आणि तासाभरांत उरलेला उचलून घ्यावा. शिळी पोळी, पाव, बिस्किटें, शेव, चिवडा हें घालूं नये. मीठ-तेल त्या इवल्या देहास सोसत नाहीं, आणि पावानें पोट भरतें पण पोषण होत नाहीं. दूध तर मुळींच नको. तें पचविण्याची शक्ति पक्ष्यांत नसते. सर्व मिळून प्रमाण सांगावयाचें तर सकाळीं एक मूठ. ती तास-दोन तासांत संपली पाहिजे. संध्याकाळीं दाणा उरला तर समजावें कीं आपण रात्रीं उंदरांना जेवावयास बोलावीत आहों.

पारव्यांचा बंदोबस्त माझ्या पुतण्यानें केला. त्यानें दीड इंची चौकोनी तारेच्या जाळीचा एक लहान पिंजरा केला व त्याच्या आंत दाण्याची वाटी ठेवून तो पेरूच्या फांदीस टांगला. चिमणी, मुनिया त्या जाळींतून सहज आंत-बाहेर करतात. पारव्याचें डोकें तेवढें आंत जातें, अंग जात नाहीं. दोन दिवस प्रयत्न करून त्यांनीं नाद सोडला. वाटी मात्र आठवड्यांतून दोनदां कढत पाण्यानें धुऊन कडक उन्हांत वाळवावी लागते. हा सोवळेपणा अनाठायीं नव्हे. इंग्लंडांत घरोघर बागेंत दाणे टांगण्याची फार मोठी हौस आहे. तेथें २००५ सालच्या सुमारास कबुतर-होल्यांच्या घशांतील एक रोग ग्रीनफिंच नांवाच्या लहानशा हिरव्या पक्ष्यांत शिरला, आणि एकाच ठिकाणीं दाटीनें खाणें-पिणें झाल्यामुळें तो असा पसरला कीं, पूर्वीं बागोबागीं दिसणारा तो पक्षी २०२१ सालीं तेथील धोक्यांतील पक्ष्यांच्या यादींत जाऊन बसला. प्रेमानें घातलेल्या दाण्यानें हें झालें. आजारी, पिसें फुलवून एका जागीं बसून राहणारा पक्षी वाटीपाशीं दिसला तर पंधरा दिवस दाणा सरळ बंद ठेवावा. निरोगी पक्षी इतरत्र पोट भरतात.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. चिमणी दाणे खाते. चिमणीचें पिलूं दाणे खात नाहीं. अंड्यांतून बाहेर आल्यावर पहिले कित्येक दिवस त्याला मऊ अळ्या आणि किडेच भरवावे लागतात. तें पिलूं पंधरा-सोळा दिवसांत उडून जातें, म्हणजे एवढ्या अवधींत आईबापांना शेंकडों अळ्या जमवाव्या लागतात. ज्या बागेंत किडा नाहीं त्या बागेंत वाटीभर बाजरी असूनहि पिलें वांचत नाहींत. जुन्या घरीं केळीच्या आळ्यांतली ओल काय करीत होती, याचा उलगडा मला हें वाचल्यावर झाला.

चीनमध्यें १९५८ सालीं चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांचा संहार करण्याची मोहीम सरकारनें काढली होती. लोकांनीं थाळ्या बडवून, त्यांना बसूं न देतां, दमवून मारलें. पुढें पिकांवर कीड माजली, आणि १९६० सालीं शत्रूंच्या यादींतून चिमणीचें नांव काढून तेथें ढेंकणाचें घालावें लागलें. आपल्याकडील शेतकरी बाजरीवर गोफण घेऊन उभा राहतो तो कणीस भरतें त्या दिवसांतच. त्याचें नुकसान खरें आहे, त्याला नांव ठेवावयाचा अधिकार आपणां बागवाल्यांना नाहीं. पण आपल्या परसांत कोणतें पीक बुडतें? मावा पडला, पानें कुरतडलीं, कीं लगेच फवारणीची बाटली काढावयाची, ही संवय मात्र आपण डाळिंबाच्या बागाइतदारांकडून उसनी घेतली आहे. त्याचा संसार त्या बागेवर आहे, आपला नाहीं. गेल्या तीन वर्षांत मीं बागेंत विषारी फवारा वापरलेला नाहीं. लिंबाच्या झाडावर अळ्या होतात, त्यांतल्या बऱ्याचशा शिंपी आणि वटवट्या वेंचून नेतात. उरलेल्या फुलपांखरें होऊन उडतात. लिंबें चार कमी येतात हें कबूल.

झाडांविषयीं सविस्तर पुन्हां केव्हां तरी. तूर्त इतकेंच सांगतें कीं, रोपवाटिकेंतील चकचकीत विदेशी पानांपेक्षां आपलीं जुनीं घरगुती झाडेंच पक्ष्यांना उपयोगी. कढीलिंबाचीं काळीं फळें पिकलीं कीं कोकिळा व बुलबुल झाड सोडीत नाहींत. डाळिंबाच्या व जास्वंदीच्या फुलांवर शिंजीर येतो. त्यासाठीं साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्याची गरज नाहीं. मेंदीच्या कुंपणांत बुलबुल घरटें करतो. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या लगेच खुडून टाकूं नयेत, कांहीं तशाच राहूं द्याव्या. त्यांच्यावर मुनिया लोंबकळतात तें दृश्य पाहण्यासारखें असतें. परसाच्या एका कोंपऱ्यांत वाळका पाला तसाच पडूं द्यावा. सातभाई तो दिवसभर उलथापालथा करीत असतात. आणि गृहिणींना एक नाजूक विनंती: बागेच्या बाजूच्या छपराखालचीं कोळिष्टकें निदान फाल्गुन ते आषाढ काढूं नयेत. शिंजीर आपलें लोंबतें घरटें कोळ्याच्या तंतूंनींच बांधतो. दिवाळीच्या झाडलोटींत काय तें उगवून घ्यावें.

आमच्या गांवापुरती आणखी एक सूचना. मालेगांव यंत्रमागांचें गांव. गल्लोगल्लीं सुताचे तुकडे पडलेले असतात, आणि ते घरट्यांत जातात. लांब धागा, विशेषतः कृत्रिम रेशमी, पिलांच्या पायांत गुंतून पाय कापला जातो. घरट्यास मदत म्हणून सूत बाहेर टांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं त्याऐवजीं नारळाच्या शेंडीचे बोटभर तुकडे ठेवावे.

घरट्याच्या पेटीविषयीं विचारणाऱ्यांना सांगावयास अभिमान वाटतो कीं, या बाबतींत आपला नाशिक जिल्हा देशास पुढें घेऊन गेला आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनीं चिमणीसाठीं घरटीं व दाणापात्रें घरोघर पोंचविण्याचें काम हातीं घेतलें, त्यासाठीं नेचर फॉरएव्हर सोसायटी ही संस्था उभी केली, आणि २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊं लागला तो त्यांच्याच पुढाकारानें. आपण निफाड तालुक्यांतील नांदूरमध्यमेश्वरास हिंवाळ्यांत मोटार करून रोहित पक्षी पाहावयास जातों, आणि तें १९८६ सालीं घोषित झालेलें अभयारण्य २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ झालें याचें कौतुकहि करतों. तें योग्यच, पण दारच्या पक्ष्यासाठीं मोटार लागत नाहीं, याकडे पहिल्यानें लक्ष्य वेधणाऱ्यांत हे गृहस्थ आहेत. चिमणी नामशेष होत आहे असें मात्र कोणी घाबरून समजूं नये. २०२० सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, त्यांत देशभरचा विचार करतां चिमणीची संख्या साधारण स्थिर असल्याचें आढळलें. घट आहे ती मोठ्या शहरांत. म्हणजे आपली चिमणी मेली नाहीं. ती आपल्या घरांतून गेली.

पेटी सुताराकडून करून घ्यावी किंवा जुन्या फळ्यांची घरींच करावी. तळ सहा इंच चौरस, उंची आठ-नऊ इंच, आणि पुढच्या अंगास वरच्या बाजूला सव्वा इंचाचें गोल भोंक. भोंक याहून मोठें केलें तर साळुंकी चिमणीस हुसकून जागा बळकावते. भोंकाखालीं बसावयास काठी ठोकण्याची पद्धत आहे, ती नको. चिमणीस तिची गरज नसते, शत्रूस होते. आंतून रंग देऊं नये. पेटी आठ-दहा फूट उंचीवर, तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस करून, दुपारचें ऊन लागणार नाहीं अशी टांगावी. पश्चिमेच्या भिंतीवर टांगाल तर वैशाखांत पिलें भाजून निघतील. चिमण्या शेजार करून राहणाऱ्या आहेत, म्हणून दोन-तीन पेट्या जवळजवळ लावाव्या. लावल्यावर रोज डोकावूं नये, हें मुलांना बजावून ठेवावें. वडील माणसांना अधिक. आमच्या तीन पेट्यांपैकीं पहिलें वर्ष तिन्ही रिकाम्या गेल्या, दुसऱ्या वर्षीं एक भरली. तिसरींत अजून कोणी नाहीं. फाल्गुनांत नवीं घरटीं सुरू होतात, तेव्हां ज्यांना पेट्या लावावयाच्या आहेत त्यांनीं त्या याच महिन्यांत लावून त्यांचा वास जाऊं द्यावा.

पिंजऱ्यांत पोपट पाळावा काय, असें एका पत्रांत विचारलें आहे. पाळूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपला देशी पोपट, साळुंकी किंवा मुनिया पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी माझें उत्तर हेंच असतें.

संक्रांत तोंडावर आली आहे. येवल्यापासून मालेगांवापर्यंत आकाश पतंगांनीं भरेल. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो आणि मुलें आणतात. पतंग कटल्यावर झाडांत अडकलेला मांजा महिनोन् महिने तसाच राहतो, कारण तो कुजत नाहीं, आणि त्यांत पंख गुंतलेला पक्षी लोंबकळून मरतो. आमच्याकडे नियम असा आहे कीं, पतंग उडवावयाचा तर साध्या सुती दोऱ्यानें, आणि किंक्रांतीच्या दिवशीं ज्याच्या झाडांत मांजा दिसेल त्यानें काठीला विळा बांधून तो काढावयाचा. गेल्या वर्षीं आमच्या लिंबावरून पुतण्यानें ओंजळभर मांजा काढला. त्यांतला एक वारहि आमचा नव्हता.

आणि भोगीसाठीं यंदां सासूबाईंनीं मला बजावून सांगितलें कीं, बाजरी पिशवींतली आणूं नकोस, आठवड्याच्या बाजारांतून सुटी, न पाखडलेली आण. सूप माळ्यावर सांपडलें. त्याला एका बाजूनें वाळवीनें खाल्लें होतें, तें बुरुडाकडून बांधून घेतलें. काल सकाळीं त्या बागेंत पाट टाकून बसल्या. मामंजी जवळच खुर्चीवर, पेरूखालीं. पहिला घोळ सुपांतून उडाला तेव्हां कांहीं झालें नाहीं. तिसऱ्या-चौथ्या घोळानंतर कुंपणावरून दोन चिमण्या खालीं उतरल्या, मग सात झाल्या. तासाभरानें मी चहा घेऊन गेलें तों सूप बाजूस पडलें होतें. मीं विचारलें, "झाली का निवडून?" तेव्हां त्या म्हणाल्या, "अर्धी मीं निवडली. उरलेली त्यांची चालू आहे. तूं जरा हळू चाल."